जिवाचं विचारलं

बर्फ काढणारी गाडी येईपर्यंत या चर्चच्या तळघरातून कोणी हलायचं नाही. मक्याचा पाव उरलाय तो संपवा आणि ऐका. ही माझ्या साडूची, वर्लिन स्टाउटची गोष्ट. मी त्याच्यावर सहजासहजी विश्वास ठेवणारा माणूस नाही, हे आधीच सांगतो. त्यानं पकडलेला मासा मी स्वतः मापून बघतो.

तीन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी, दुसरा गुरुवार. वर्लिन तेव्हा टेकडीवरच्या विद्यापीठात रोजंदारीवर होता. तिथले पहिले अध्यक्ष, डॉ. अब्नर प्रिचेट. त्यांची कागदपत्रं त्यांच्या पणतीच्या घरून आणायची, एवढंच काम. प्रार्थनागृहातली त्यांची तसबीर तुम्ही बघितलीच आहे. आधी घोड्यावरून गावोगाव फिरणारे मेथडिस्ट पाद्री, मग अध्यक्ष. दर आठवड्याला एकेका विद्यार्थ्याला समोर बसवून विचारायचे, "जिवाचं कसं आहे?" आणि खरं उत्तर येईपर्यंत गप्प बसून राहायचे. आपण तो प्रश्न थट्टेत विचारतो. त्या पोरांना घाम फुटायचा म्हणे.

ग्रंथपालबाईंनी वर्लिनला सांगून ठेवलं होतं, "अध्यक्षांच्या बायकोची पत्रं आणलीस, तर तुझी नोकरी पक्की." पक्की नोकरी म्हणजे विमा. माझी मेव्हणी नेडीन, वर्लिनची बायको, तिची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. विमा नाही तर उपचार नाहीत, इतकं ते सरळ होतं.

पणतीबाई, मिस आयोना, नव्वदीच्या. विद्यापीठावर काडीचा भरवसा नाही. पेट्या दिल्या, पण निळ्या फितीत बांधलेला पत्रांचा गठ्ठा टेबलाच्या खणात ठेवला.

"हा नाही मिळायचा. तिनं नवऱ्याला लिहिलंय, प्रदर्शनाला नाही. माझ्याबरोबर मातीत जाणार हा."

बाई कॉफी आणायला आत गेल्या. वर्लिननं खण उघडला.

"आता खिसे उलटे करून दाखव," निघताना बाई म्हणाल्या. यानं दाखवले. गठ्ठा बुटात होता.

रात्री साडेदहाला तो गाडी घेऊन परतीच्या वाटेवर पुलापाशी आला. बर्फ आडवा मारत होता. रस्त्याच्या कडेला एक उंच माणूस उभा. लांब कोट, खांद्यावर चामड्याच्या जुन्या झोळ्यांची जोडी. अशा हवेत माणसाला टाकून जाता येत नाही. वर्लिननं दार उघडलं.

"आजोबा, अशा रात्री एकतर कावळे बाहेर असतात, नाहीतर मेथडिस्ट पाद्री," वर्लिन हसत म्हणाला. आपल्याकडची जुनीच म्हण. "तुम्ही कोण?"

"कावळा नाही."

झोळ्या मांडीवर घेऊन तो बसला. गाडीत घोड्याचा वास भरला.

चोराच्या मनात चांदणं. वर्लिनला वाटलं, हा जुनी कागदपत्रं विकणाऱ्यांचा माणूस असणार. पेट्या पळवायला बसलाय. म्हातारीनंच पाठवला नसेल कशावरून? पेट्या घेऊन उडी मारू नये म्हणून त्यानं गुपचूप दारं लॉक केली.

"जिवाचं कसं आहे?"

"बरं आहे की."



मैल गेला. दुसरा गेला. काचेवरचे वायपर तेवढे हलत होते...

"बायको आजारी आहे हो," वर्लिन म्हणाला.

"तिचं नाही विचारलं."

वर्लिननं रेडिओ लावला. लागला नाही. हीटर पूर्ण सोडला. थंडी वाढली. त्याचा पाय बुटात जळायला लागला...

"घेतला! मी घेतला! तिच्यासाठीच घेतला ना!"

म्हाताऱ्याचा हात पुढे आला.

वर्लिननं गाडी थांबवली. बूट काढला. गठ्ठा दिला.

मान वर केली... सीट रिकामी. दारं लॉकच.

तो तसाच, एका पायात बूट नसताना, मागे फिरला. मिस आयोनांनी दार उघडलं. "आता काय विसरलास?" त्यानं सगळं कबूल केलं. बाईंनी जाऊन खण ओढला. गठ्ठा आत होता. फितीची गाठही सुटली नव्हती.

"प्यायलायस तू," बाई म्हणाल्या.

नोकरी दुसऱ्याला मिळाली. नेडीन त्याच सप्टेंबरात गेली. लोक म्हणतात, डॉक्टर प्रिचेट थोर होते. असतील. मला त्या माणसाचा राग येतो. स्वतःची पत्रं घेऊन गेला, आमच्या नेडीनच्या जिवाचं कोणी विचारायचं?

तेव्हा मला वर्लिनचाच संशय आला होता. ऐनवेळी कच खाल्ली असेल आणि नंतर ही कहाणी रचली असेल. पुढे त्याला ती गाडी डोळ्यांसमोर नकोशी झाली, म्हणून मी घेतली. म्हातारा बसला होता ती पुढची सीट ओली लागली. ऑगस्टच्या उन्हात दारं उघडी ठेवून वाळवली. कव्हर बदललं, आतला स्पंजही बदलला. उपयोग शून्य.

बाहेर आज थुंकी गोठेल अशी थंडी आहे. गाडीचं कुलूपसुद्धा गोठलं होतं. मघाशी कसंबसं उघडून आत हात घालून बघितलं. सीट ओलीच आहे... आणि कोमट.

आली वाटतं बर्फाची गाडी. उठा. तुम्ही चौघं, आणि माझ्या गाडीत मागे जागा तिघांची. पुढे कोण बसतंय?