सदतिसावं पान

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती, तर शेवट तरी माझ्या सोयीचा केला असता.

साल १९८६. मे महिना. मंगळवार. जागा मुलुंड पूर्व, स्टेशनपासून दहा मिनिटांवरचं एक वाचनालय. नाव देत नाही.

रात्र नव्हती. भर दुपारचे दोन वाजले होते.

मी क्षमा कर्णिक. तेव्हा बावीस वर्षांची. विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकत होते. परीक्षा झाली होती, फक्त प्रात्यक्षिक राहिलं होतं. एखाद्या वाचनालयात महिनाभर काम करायचं आणि तिथल्या कार्यवाहांच्या सहीचं प्रमाणपत्र विद्यापीठात द्यायचं. ते नाही, तर पदवी नाही. आणि माझी कुर्ल्याच्या एका शाळेत ग्रंथपालाची नोकरी ठरली होती. बाबा घरी बसले होते. ती नोकरी मला हवीच होती.

मी हेच वाचनालय मागून घेतलं, कारण मी लहानपणापासून इथली सभासद.

आणि इथे धोंडूकाका होता.

धोंडू परब. मालवणकडचा. वाचनालयाचा शिपाई, वीस वर्षं. कार्ड न बघता पुस्तक हातात आणून द्यायचा. मी ग्रंथालयशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा त्याने मला कोपऱ्यात नेऊन एक गुपित सांगितलं होतं.

"आता तू आमच्यातला झालंस गो बाय, म्हणान सांगतंय. कोणाक बोलू नको."

पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का असतोच. चोर ते पान फाडतो. म्हणून आतल्या एका ठरलेल्या पानावरही पुस्तकाचा नंबर मारून ठेवतात. त्याला गुप्त पान म्हणतात. इथलं गुप्त पान सदतिसावं. ग्रंथपाल आणि धोंडूकाका सोडून कोणालाच ते ठाऊक नव्हतं.

पण मी कामाला गेले तेव्हा धोंडूकाका नव्हता.

आदल्या वर्षीच्या मोजणीत त्रेसष्ट पुस्तकं सापडली नाहीत. कार्यवाह मार्तंडरावांनी सरळ धोंडूवर आळ घेतला. म्हणे, रद्दीवाल्याला विकली. नोकरीवरून काढलं. वर वाचनालयाच्या फळ्यावर चोर म्हणून त्याचं नाव लिहिलं. ज्या पोरांना त्याने गोष्टींची पुस्तकं दिली, ती त्याला रस्त्यात 'रद्दीवाला' म्हणून हाका मारायला लागली. जानेवारीत तो भांडुपच्या खोलीत वारला.

हे ऐकलं त्या दिवसापासून माझं डोकं तापलेलं होतं.

आम्हाला काम दिलं तेही मोजणीचंच. मी टेबलाशी बसून रजिस्टरातला नंबर मोठ्याने वाचायचा. माझा वर्गमित्र माणिक कपाटांमागे. पुस्तक दिसलं की त्याने 'आहे' म्हणायचं, नसलं की 'नाही'. वाचनालय बंद. चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून पंखाही बंद.

त्या हरवलेल्या त्रेसष्ट नंबरांखाली लाल रेघ होती. मार्तंडरावांनी बजावलं होतं, ते वाचायचे नाहीत.

पहिली लाल रेघ आली. मला इतका राग आला की मी मुद्दाम वाचलं.

"दोन हजार एकशे चार!"

कपाटांमागून उत्तर आलं...

"आसा."

आहे नव्हे. आसा.

धोंडूकाका असंच म्हणायचा.

मी खुर्ची मागे ढकलली. "माणिक, लाज नाही वाटत? मेलेल्या माणसाची नक्कल करतोस?"

माणिक बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मी नाही बोललो, यार. आईशप्पथ. माझ्या बाजूच्या कपाटांमधल्या गल्लीतून आला आवाज."

त्या गल्लीत आम्ही दोघांनी बघितलं. कोणी नव्हतं. आणि २१०४च्या जागी... रिकामी फट.

दोघंही टेबलाशी येऊन उभे राहिलो. मी दुसरा लाल नंबर वाचला. माणिक माझ्या शेजारी होता. तोंड मिटून.

"आसा."

आणि त्याच क्षणी डोक्यावर...

धप्प.

वरच्या मजल्यावर काहीतरी पडलं. छताचा चुना टेबलावर सांडला.

तिसरा नंबर. "आसा." धप्प.

चौथा. "आसा." धप्प.

माणिक म्हणाला, "बस कर, क्षमा. चल इथून."

मी थांबले नाही. भीतीपेक्षा संताप जास्त होता. कारण वरच्या मजल्यावर कोण राहतं, हे मला माहीत होतं.

मार्तंडराव.

त्रेसष्ट नंबर वाचले. त्रेसष्ट वेळा उत्तर आलं. शेवटच्या वेळी आवाज दमलेला वाटला.

आम्ही जिना चढलो. बेल मारायच्या आधीच दार उघडलं. मार्तंडरावांच्या पत्नी नलिनीबाई घामाने निथळत उभ्या होत्या.

"अगं, घरात कोण्णी नाही. मी आडवी झाले होते. बघा ना हे..."

हॉलमध्ये काचेचं कपाट. कुलूप जसंच्या तसं. किल्ली मार्तंडरावांच्या खिशात असते, असं नलिनीबाई म्हणाल्या.

आणि जमिनीवर, भिंतीला लागून, पुस्तकांची सरळ रांग.

मोजायची गरज नव्हती. तरी मोजली.

त्रेसष्ट.

प्रत्येकाचं पहिलं पान फाडलेलं. मी रांगेतलं पहिलं उचललं आणि सदतिसावं पान उघडलं.

२१०४.

दुसरं, तिसरं, चौथं. सगळी रजिस्टरातल्या क्रमाने लावलेली. धोंडूकाका लावायचा तशीच, पाठी एका रेषेत.

मागे पावलं वाजली. मार्तंडराव आले होते. रांग बघून क्षणभर त्यांचा रंग उडाला. मग म्हणाले, "माझी पुस्तकं आहेत ही. कोणी काढली?"

"सदतिसावं पान बघा," मी ओरडले. "नंबर आहे त्यावर! चोर तुम्ही, आणि नाव त्याचं फळ्यावर?"

त्यांनी पान बघितलं. पुस्तक मिटलं. आवाज जराही चढवला नाही.

"शुक्रवारी प्रमाणपत्र द्यायचंय ना विद्यापीठात? सही माझी लागते. खाली जा आणि रजिस्टरात लिही. त्रेसष्ट गहाळ, जबाबदार धोंडू परब. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

माणिकने पेन त्यांच्या पायाशी फेकलं आणि जिना उतरून गेला. त्याला प्रमाणपत्र मिळालं नाही. त्याचं वर्ष गेलं.

मी खाली गेले. रजिस्टर उघडलं.

आणि लिहिलं.

धोंडूकाकाचं नाव मी माझ्या अक्षरात लिहिलं. प्रत्येक शब्दाला कपाटांकडे बघत होते. त्याने ओरडावं, कपाट पाडावं, निदान एकदा 'नाय' म्हणावं.

काहीच आलं नाही. ती शांतता मला अजून सहन होत नाही.

मार्तंडरावांचा राग मी छत्तीस वर्षं केला. तो सोपा होता.

२०२२ला मी निवृत्त झाले. त्याच वाचनालयाने सत्काराला बोलावलं. मार्तंडराव कधीच गेले होते. नवी ग्रंथपाल सुलक्षणा, गोड मुलगी. मी तिला १९८६चं रजिस्टर दाखवायला सांगितलं. धोंडूकाकाचं नाव खोडून टाकायचं आणि सत्कारात सगळ्यांसमोर खरं सांगायचं, असं ठरवून गेले होते.

माझा चष्मा पर्समध्ये होता. सुलक्षणानेच वाचलं.

"त्रेसष्ट गहाळ. जबाबदार..." ती थांबली. "मॅडम, इथे तुमचं नाव आहे."

चष्मा लावला.

जबाबदार : क्षमा कर्णिक.

खाडाखोड नाही. शाई तीच, जुनी, फिकी. अक्षर माझं. पण हे मी लिहिलेलं नाही.

सुलक्षणाने गोंधळून पुन्हा मोठ्याने वाचलं, "क्षमा कर्णिक?"

कपाटांमागून...

"आसा."

सुलक्षणाने मान वळवली. "आत कोणी आहे का?"

मी रजिस्टर मिटलं. सत्काराला माझी जीभ उचलली नाही. शाल घेतली, नारळ घेतला आणि घरी आले.

म्हणून आज इथे लिहितेय. धोंडू परबने एकही पुस्तक चोरलं नव्हतं.

हे लिहून झालं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पंखा बंद होता. घरात मी एकटीच. बराच वेळ कान देऊन बसले.

अजून तरी काही आलेलं नाही.