डावखुऱ्याचा राजा

मोसुलबाहेरच्या प्रयोगशाळेत प्रमिला ओगले दिवसभरात जेवढं बोलत, त्यातलं निम्मं एका दगडाच्या वाट्याला जाई. उरलेलं वैजनाथ तांबोळीच्या. शिल्पं दुरुस्त करणारं यंत्र चालवणारा हा लातूरचा गडी त्यांना बडबड्या वाटे. पण मराठी कळणारा आसपास तोच एक. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलीचा फोन महिन्याला एकदा येई आणि 'गोळ्या घेतेस ना?' या प्रश्नावर संपे.

दगड होता जवळच्याच निनवे या प्राचीन नगरातल्या राजवाड्यातला, सव्वीसशे वर्षांहून जुना. माणसाहून उंच अशा त्या मऊ शिळेवर अश्शूरचा राजा कोरलेला: उंच टोपी, वळ्यावळ्यांची दाढी, हातात वाडगा, पायाशी मारलेले सिंह. सगळं शाबूत. चेहऱ्याच्या जागी मात्र खड्डा. राजवाडा बांधल्यावर तीसेक वर्षांनी नगर पडलं, तेव्हा शत्रूने तो फोडला असं सगळे धरून चालले होते.

"बाई, उद्या तुमचा डावखुरा कारागीर कामाला लागणार," यंत्राचा हात पुसत वैजनाथ म्हणाला. "चांगली साडी नेसा."

"तू आधी दाढी कर. राजापुढे उभं राहायचंय."

"उद्या येणाऱ्या पाहुण्यांना सगळं समजवायचंही मलाच आहे. एकदा घोकून घेतो. छिन्नीचा घाव बसला की दगडाच्या आत बारीक भेगांचं जाळं उरतं. आपला घावमापक ते जाळं वाचतो. जोर किती, कोन कुठला, मनगटाला पीळ कसा. बरोबर?"

"आणि वय?"

"वयाने जोर कमी होतो, हात थरथरतो. पीळ मात्र बदलत नाही. चालण्याच्या ढबीवरून गर्दीत पाठमोरा माणूसही ओळखू येतो, तसं. हा त्या माणसाचा हस्तठसा."

"भेगांचा क्रम राहिला. नवी भेग जुन्या भेगेपाशी येऊन थांबते. म्हणून कुठला घाव आधीचा, कुठला नंतरचा, तेही कळतं."

राजवाड्यात शेकडो हात राबले होते. सिंह कुणीही कोरावा, राजाचा चेहरा मात्र एकानेच, असा तिथला रिवाज होता. शाबूत उरलेल्या सहा शिळांवर प्रमिलाबाईंना तो एकच हात सापडला. डावखुरा, पंचविशीतला.

"पण सगळ्या शिळांवर थोबाड एकच कसं हो?"

"ते माणसाचं चित्र नव्हेच. राजपणाचं आहे. त्यात सुरकुती चालत नाही."

"म्हणजे निवडणुकीचा फ्लेक्स. साहेब सत्तरीचे, फोटो चाळिशीतला."

बाई हसल्या. अकरा वर्षं त्यांनी एकाच गोष्टीची वाट पाहिली होती. उद्या खड्डा तासून सपाट करायचा, नवा दगड बसवायचा, आणि डावखुऱ्याचा हस्तठसा भरलेलं यंत्र त्याच्याच हाताने चेहरा कोरणार. ज्याच्याशी इतकी वर्षं बोललो त्याला काम करताना बघायचं, एवढंच त्यांना हवं होतं. दुरुस्तीच्या परवानगीच्या अर्जावरचा एकच रकाना भरायचा राहिला होता : नासधूस परक्या हाताची आहे काय? परक्याची नासधूस भरून काढता येई. मूळ कारागिराच्या कामाला हात लावायचा नाही, असा नियम होता.

खड्ड्यातले घाव आजवर कुणी वाचलेच नव्हते. शत्रूचा हात ओळखून करायचंय काय? प्रमिलाबाईंनी उपचार म्हणून घावमापक खड्ड्यावर फिरवला.

पडद्यावर डावखुरा उमटला.

"यंत्र गंडलंय," वैजनाथ म्हणाला. त्यांनी तीनदा मोजलं. जोर निम्म्यावर आलेला, प्रत्येक घावाला थरथर, पीळ तोच. तीस वर्षांनी म्हातारा झालेला तोच माणूस.

मग बाईंनी क्रम लावला. सहाही शिळांवर त्याने आधी नाक काढलं होतं, मग ओठ, मग गाल आणि डोळे अगदी शेवटी. खड्ड्यात पहिले घाव डोळ्यांवर होते. मग गाल. मग ओठ. नाक शेवटी.

"आयला," वैजनाथ खुर्चीत बसला. "ज्या वाटेने चढवला त्याच वाटेने उतरवला. रागाने हो?"

"रागात माणूस क्रम पाळत नाही."

"मग शत्रूच्या सैनिकांनी करायला लावलं? की ते शिळाच फोडतील म्हणून हा आपणहून पुढे झाला?"

"ते भेगांत येत नाही, वैजनाथ."

 मग वैजनाथ हळूच म्हणाला, "बाई, हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. मी काही बोलत नाही. उद्या त्याला बघाल तरी."

प्रमिलाबाईंनी रकान्यात लिहिलं : 'नाही. काम कारागिराने स्वतः पूर्ण केले आहे. हात लावू नये.' खाली सही केली. उद्या पाहुण्यांना काय सांगायचं, याचा विचार त्यांनी केला नाही.

वैजनाथ उठला. कोपऱ्यातला सरावाचा कोरा दगड त्याने ढकलत यंत्रापुढे आणला. "इथे तर नियम नाही ना? तरुण हात भरलेलाच आहे. बसा. एक चेहरा काढून दाखवतो तुम्हाला."

बाई स्टुलावर बसल्या. यंत्राच्या हाताने छिन्नी उचलली.

"थांब," त्या म्हणाल्या. "तरुण नको. म्हातारा भर."

"अहो, त्याने फक्त फोडलंय. कोऱ्या दगडावर काय दिसणार?"

"भर तू."

वैजनाथने खड्ड्यातला हस्तठसा भरला. यंत्राचा हात हवेत जरा थरथरला, थांबला. मग कोऱ्या दगडावर नसलेल्या डोळ्याच्या जागी त्याने पहिला घाव घातला, अगदी बेताने.