दोघींची खोली

हे खरं घडलेलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, सगळेच असं म्हणतात. म्हणू देत. मला भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगायची हौस नाही. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी मावसबहीण. घरात सगळ्यात धाकटी, म्हणून तिला सगळे बारकी म्हणतात. लहानपणी वीज गेली की गच्चीवरचे कपडे आणायला आम्ही मोठ्या एकमेकींना ढकलायचो, आणि ही बया गुणगुणत वर जाऊन यायची.

तीच बारकी आज घरातलं एकही दार लावू देत नाही.

आणि हे रात्रीबित्रीचं नाही हं. मागच्या थंडीतली गोष्ट. भर दुपारची.

बारकी शिकायला परदेशात गेली होती. तिकडचा नियम असा, की बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याने ठरलेल्या मुदतीत सरकारी कचेरीत जाऊन आपला राहता पत्ता नोंदवायचा. पत्ता नोंदला तर राहण्याचा परवाना. परवाना असला तर कॉलेज. नाहीतर बॅग उचला आणि घरी या.

बारकीला खोलीच मिळेना. मुदत संपता संपता एक मिळाली. जुनी इमारत, अगदी वरचा मजला, जिन्याच्या टोकाला एकच दार. आत एक पलंग, एक कपाट, खिडकीशी छोटा ओटा आणि न्हाणीघर. खाली घरमालकीण राहायची. वयस्कर, एकटी, मान थोडी हलणारी.

"देव पावला बाई," मावशी, म्हणजे तिची आई, फोनवर म्हणाली. "आता ते नोंदणीचं तेवढं उरकून टाक. आणि तिथे भांडू नकोस कुणाशी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बारकी कचेरीत गेली. तो मुदतीचा शेवटचा दिवस होता. काचेमागच्या कारकुनाने तिचा पत्ता संगणकात घातला.

आणि तो थांबला.

"या खोलीत एक मुलगी आधीच राहते," तो म्हणाला.

"नाही हो. खोली रिकामी होती. मी कालच राहायला आले."

"तुमच्यासारखीच विद्यार्थिनी. तिने नोंद रद्द केलेली नाही. म्हणजे ती तिथेच राहते."

"मग तुम्हीच करा ना रद्द."

"ती तिला स्वतः येऊन करावी लागते. नाहीतर चौकशी. चौकशी संपेपर्यंत तुमची नोंद होणार नाही."

 चौकशी म्हणजे महिने. बारकीकडे तासही नव्हते.

मागे रांग खोळंबली होती. कुणीतरी मुद्दाम मोठ्याने उसासा टाकला. कारकुनालाही तिची दया आली असावी. तो जरा पुढे झुकला.

"की तुम्ही दोघी एकत्र राहता?"

तुम्ही काय केलं असतं? मी तर तेच केलं असतं जे तिने केलं.

"हो," बारकी म्हणाली. "एकत्रच राहतो."

"तिची हरकत नाही ना?"

"छे हो! तिनेच तर मला बोलावलं."

शिक्का बसला. बारकीचा जीव भांड्यात पडला. एक साधी थाप मारली होती, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. येताना तिने मावशीला फोन करून कारकुनाची नक्कलसुद्धा करून दाखवली. दोघी पोट धरून हसल्या.

जिना चढून ती वर आली. किल्ली काढली.

आत पाणी वाहत होतं…

न्हाणीघरातला नळ. नीट ऐकू येत होता. सकाळी आपणच उघडा टाकला की काय, असं म्हणत तिने किल्ली कुलपात घातली.

नळ बंद झाला.

ती आत गेली. न्हाणीघरात कुणी नव्हतं. नळ घट्ट होता. जमीन मात्र ओली होती.

जुन्या इमारती, जुने पाइप. होतं असं. बारकीने स्वतःची समजूत घातली आणि कपडे बदलायला कपाट उघडलं.

तिचे सगळे कपडे एका बाजूला सरकवलेले होते. अगदी दाटीवाटीने. अर्धी दांडी रिकामी.

तिने ओट्याकडे पाहिलं. तिचे डबे डावीकडे एकावर एक रचलेले. उजवीकडे काही नाही.

दाराशी तिच्या चपला कडेला लावलेल्या. त्यांच्या शेजारी, अजून एक जोड मावेल एवढी जागा.

आणि पलंगावरची उशी…

ती मधून उचलून भिंतीकडे ठेवली होती.

कुणी काही आणलं नव्हतं. खोलीत एकही परकी वस्तू नव्हती. फक्त जागा करून ठेवली होती.

 बारकी तडक खाली गेली. घरमालकिणीकडे दुसरी किल्ली असणार, तिनेच आवराआवर केली असणार.

"मी? माझे गुडघे बघितलेस का मुली? मला तो जिना चढून किती दिवस झाले!"

"मग माझ्या आधी कोण राहायचं वर?"

म्हातारीची मान हलायची थांबली.

"होती एक. तुझ्यासारखीच, लांबून आलेली. फार घाबरट. तिची नोंदणीच होत नव्हती. रोज रडायची, मला परत पाठवतील म्हणून. शेवटी एकदाची झाली. त्या दिवशी नाचत आली होती इथे. मला मिठी मारली होती बिचारीने."

"मग?"

"मग एक दिवस बाहेर गेली, आणि आलीच नाही. पोलीस झाले, शोध झाला. काही नाही. भाऊ येऊन सामान घेऊन गेला."

"कचेरीत का नाही कळवलं तुम्ही?"

म्हातारी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी कशी कळवू? एवढ्या मुश्किलीने मिळालं होतं तिला. आणि आली परत, तर?"

बारकीला वाटलं, धावत कचेरीत जावं आणि सांगून टाकावं की मी खोटं बोलले. पण खोटी माहिती देणाऱ्याचा परवाना तिथल्या तिथे रद्द होतो, ही पाटी त्याच काचेवर लावलेली होती. दुसरी खोली बघायची, तर तीही मिळायला हवी. शिकायला म्हणून आली होती. मावशीने सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. अशी परत जाऊन तोंड कुठे दाखवणार?

म्हणून ती राहिली. दोन वर्षं तर काढायची, म्हणाली. दात आवळून काढीन.

कपडे ती पुन्हा दांडीभर पसरायची. कॉलेजातून आली की परत एका बाजूला. उशी ती मध्ये ठेवायची. परत भिंतीकडे. भांडण नव्हतं, आदळआपट नव्हती. कुणीतरी निमूटपणे आपला अर्धा वाटा मागत होतं, बस्स.

तिने हे घरी कुणालाच सांगितलं नाही.

एकदा मावशीशी फोनवर गप्पा चालल्या होत्या. मावशी शेजारच्या लग्नाचं काहीबाही सांगत होती. मध्येच म्हणाली, "ए, तुझ्या त्या मैत्रिणीला सांग गं, आधी मला बोलू दे."

"कुठली मैत्रीण?"

"आता मला काय माहीत? तुझ्या शेजारी बसून हुंकार देतेय ती. मी काही बोलले की आपली… हं… हं… तिला मराठी कळतं वाटतं?"

बारकीने मागे वळून पाहिलं. खोलीत ती एकटीच होती.

"बरं झालं बाई," मावशी समाधानाने म्हणाली. "मला तुझी काळजीच होती. सोबत आहे ना, आता घोर नाही."

 त्यानंतर बारकी फोन घेऊन जिन्यात जाऊन बसायची. पण तिथेही मावशी म्हणायचीच, "आहे वाटतं शेजारी? जेवली का म्हणावं."

मग ती दुपार आली.

कॉलेज लवकर सुटलं होतं. स्वच्छ ऊन होतं. बारकी जिना चढत होती आणि वरून एक माणूस उतरत होता. गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल. कचेरीचा तपासनीस. नोंदवलेल्या पत्त्यावर माणसं खरंच राहतात का, हे बघायला तो घरोघर फिरायचा.

"वर आला होतात?" बारकीने घाईने विचारलं. "मी बाहेर होते. वरची खोली माझी."

तपासनिसाने तिला खालून वर न्याहाळलं.

"तुमची? मी आत्ता तिथूनच आलो. तिथली मुलगी घरीच आहे."

"कोण मुलगी?"

"जी राहते ती. दार उघडलं, खोली दाखवली. म्हणाली, मी एकटीच असते. दुसरी होती, ती सोडून गेली."

बारकीने पुढचं ऐकलंच नाही. ती दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर पळाली. किल्ली लावली. किल्ली फिरली.

दार उघडलं नाही.

आतून कडी होती.

तिने दारावर हात आपटले. खांद्याने धक्का दिला. ओरडली.

आत पावलं वाजली… अनवाणी… सावकाश… दारापर्यंत आली.

थांबली.

आणि दारापलीकडून, स्वच्छ मराठीत, बारकीच्याच आवाजात कुणीतरी विचारलं,

"कोण हवंय?"

बारकी जिन्यावरच कोसळली.

तपासनिसाने आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांनी मिळून दार तोडलं. आत कुणी नव्हतं. खिडकी आतून बंद होती. कपाट रिकामं, ओटा रिकामा, पलंग झटकलेला. बारकीचं सगळं सामान घड्या घालून तिच्या बॅगेत भरलेलं होतं, आणि बॅग दाराशी उभी होती.

कचेरीत ती खूप रडली. काचेमागे तोच कारकून होता.

"तपासणीत तुमची नोंद रद्द झाली," तो म्हणाला. "तुम्ही सोडून गेलात, असं तुमच्या सोबतिणीने सांगितलं."

"अहो, तिथे कुणी नाहीये! ती मुलगी नाहीये तिथे!"

"असं कसं? ती तिथे राहते, हे तुम्हीच तर सांगितलंत मला."



बारकी परत आली. विमानतळावर तिला बघून आम्हाला रडूच फुटलं. गेली होती ती मुलगी आणि आली ती मुलगी, यात जमीन-अस्मानाचा फरक. सगळं कळायला आम्हाला बरेच दिवस लागले. तुकड्या-तुकड्याने सांगितलं तिने. माझ्या नवऱ्याने आधी थट्टा केली, मग तोही गप्प झाला.

कारण फोन यायला लागले.

तिकडचा नंबर बारकीने निघतानाच बंद केला होता. फोन त्याच नंबरवरून यायचे, मावशीच्या मोबाइलवर. आम्ही तो ब्लॉक केला. तरी येतात. मावशीला आम्ही सगळ्यांनी शपथ घातली, उचलायचा नाही. तिनेही मान हलवली. नाही गं बाई, म्हणाली, मला काय वेड लागलंय?

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. बारकी आणि मी बाहेरच्या खोलीत मटार सोलत बसलो होतो. ती बऱ्याच दिवसांनी जरा हसली होती, कशावर ते आता आठवत नाही. मला बरं वाटलं. पाणी प्यायला म्हणून मी उठले.

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. मावशी आत ओट्याशी पाठमोरी उभी होती. मोबाइल कानाला. आवाज अगदी हळू.

"जेवलीस का गं?" ती विचारत होती. "एकटी राहतेस, मला फार काळजी वाटते."

मग थोडा वेळ तिने ऐकून घेतलं.

"अगं, इथे ना…" मावशी म्हणाली, आणि तिने बाहेरच्या खोलीच्या दिशेने एकदा मान वळवली. "इथे कुणीतरी मुलगी येऊन राहिली आहे."