चौघांची गोम

चेन अडकते म्हणून आईने थोरल्याला मेणबत्ती आणायला पाठवलं. साधीच, पांढरी. चेनच्या दातांवरून मेण फिरवलं की ती लोण्यासारखी सरकते, हे त्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रविवारची दुपार. आभाळ ढगांनी खाली वाकलेलं, दुकानदार गल्ल्यावर पेंगत बसलेला. मेणबत्ती खिशात टाकून थोरला जिने चढला तेव्हा त्याच्या डोक्यात संध्याकाळची गाडी होती. बॅग भरून त्याने पलंगाखाली सारून ठेवली होती. कॉलेज सोडल्यापासून त्याच्याशी बोलण्यासारखं घरात कुणाकडे काही उरलं नव्हतं. त्याच्याकडे मात्र एक प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर घेतल्याशिवाय त्याचा पाय निघत नव्हता.

दार उघडंच होतं. रेक्झिनचा आणि रबरी गोंदाचा वास जिन्यापर्यंत आला होता. आत, भिंतीपासून भिंतीपर्यंत, गोम पसरली होती.

धाकटी बहीण मुंगी गेल्यापासून ती माळ्यावर होती. आज खाली काढली होती.

या घराला वेश करण्याचं वेड होतं. बाबा गाड्यांची सीट कव्हरं शिवायचे. उरलेला फोम, रेक्झिनच्या पट्ट्या, सगळं घरी यायचं. आई शाळेत गणित शिकवायची, म्हणून मापं तिची. इतर घरांत रविवारी टीव्हीवरून भांडणं होत, इथे पंखांवरून. कधी ते चौघं खोल समुद्रातले मासे झाले, कधी नुसतं फर्निचर. एकदा वेशभूषेच्या स्पर्धेत मुंगी उलटी झालेली छत्री बनून गेली आणि बक्षीस घेऊन आली. हसून हसून आईच्या तोंडातल्या टाचण्या सांडल्या होत्या. चांगले दिवस होते ते. ते चांगले होते हे थोरला आजही नाकारत नसे, आणि खरा राग त्याला त्याचाच होता.

मग बाबांनी गोम शिवली. चौघांनी एकामागोमाग वाकून चालायचं आणि वरून तपकिरी रेक्झिनचा एकच लांब बोगदा. डोकं बाबा, मग आई, मग थोरला, शेपटीला मुंगी. प्रत्येकाने पुढच्याची कंबर धरायची. मंचावरच्या गोंगाटात आत काही ऐकू येत नसे, म्हणून बोलणं हातांनी. एकदा दाबलं की चला. दोनदा दाबलं की थांबा. दाबून ठेवलं, सोडलंच नाही, तर मला बाहेर काढा. मागच्याने दाबलं की आपण पुढे द्यायचं, डोक्यापर्यंत. शेपटीची चेन बाहेरून लावली जाई आणि आतून निघायची वाट फक्त डोक्याला होती. दुसरी चेन लावली तर पाठीची रेघ बिघडते, असं बाबांचं म्हणणं.

स्पर्धेच्या मंचावर, दिव्यांच्या भट्टीत, मुंगीने थोरल्याची कंबर दाबली आणि सोडली नाही. थोरल्याने तसंच आईला दाबलं. गोम चालत राहिली. मंचाच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली, टाळ्या घेतल्या. मागची चेन अडकली होती. ती उघडली तेव्हा मुंगी गुडघ्यांवर बसलेली होती, आणि तिचे दोन्ही हात अजून कमरेइतक्या उंचीवर, काहीतरी धरल्यासारखे होते.

डॉक्टर म्हणाले, हृदय नाजूक असणार. झालं. मोठ्या माणसांना असा एक शब्द मिळाला की पुरतो. त्याच्याआड ती जन्मभर बसून राहतात.

थोरल्याचा प्रश्न एवढाच होता: मुंगीचं ते दाबणं कुठे थांबलं? बाबा म्हणत, "माझ्यापर्यंत काही आलंच नाही." आई कपड्यांच्या घड्या घालत असे.

आणि आता गोमेच्या शेपटीशी, तळमजल्यावरच्या नर्सबाईंची छोटी लेक भिंगरी उभी होती.

"ही काय करतेय इथे?"

"हळू बोल," आई म्हणाली. "रात्रपाळी करून झोपलीय तिची आई."

"मी विचारलं, ही इथे काय करतेय?"

"मी शेपूट आहे," भिंगरी म्हणाली, आणि अभिमानाने ढुंगण हलवून दाखवलं.

बाबा मान वर न करता शिवणीला गोंद लावत होते. "पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. किती दिवस कुढत बसायचं? गोमेचा एक पाय मोडला म्हणून गोम लंगडी होत नाही."

थोरल्याच्या हातात मेणबत्ती होती. तिचे दोन तुकडे झाले.

"तो पाय नव्हता, बाबा."

आई मध्ये आली. हळूच म्हणाली, "एकदाच. व्हरांड्याच्या टोकापर्यंत. मग जा तू. बॅग बघितलीय मी."

तो निघूनच जाणार होता. पण तो गेला असता तरी भिंगरी आत शिरलीच असती, आणि तिच्यापुढे आई असती. भिंगरीने दाबलेलं पुढे पोचवणारं तिथे कुणी नसतं.

"चेन उघडी राहील," तो म्हणाला.

"शेपूट लोंबतं मग."

"लोंबू दे."

"बरं बाबा, राहू दे उघडी," बाबा म्हणाले आणि मेणबत्तीचा एक तुकडा उचलून चेनच्या दातांवरून फिरवू लागले. सगळं आधीच ठरवून मोकळं झालेल्या माणसाचा आवाज होता तो.

आत अंधार होता. बाहेरही ढगांमुळे उजेड असा नव्हताच, पण आतला अंधार दाट होता, जुन्या घामाचा, गोंदाचा. थोरल्याने आईची कंबर धरली. मागून त्याच्या कमरेला दोन लहान हात लागले. बाबा बाहेरून शेपटीपर्यंत फिरून आले, मग डोक्यात शिरले. आणि कुठून तरी पेपरमिंटचा वास आला. गोंदाने मळमळतं म्हणून मुंगी नेहमी तोंडात पेपरमिंटची गोळी ठेवायची. आता पोरं पेपरमिंट खातातच, थोरल्याने स्वतःला समजावलं.

मागून एकदा दाबलं गेलं. चला.

त्याने पुढे दिलं. गोम निघाली. फरशीवर पावलांचा खसखस आवाज, रेक्झिनची कुरकुर, आईचा श्वास. व्हरांडा अर्धा झाला असेल नसेल, तोच कमरेवरचे हात आवळले.

सुटेनात.

बोटं गार होती. शर्टातून गारवा आत उतरत होता. थोरल्याने दहाही बोटं आईच्या कमरेत रुतवली. आई दचकली. तिचे खांदे ताठ झाले, दंड थरथरले. ती पुढे देत होती, सगळा जीव लावून देत होती.

"दिलंय मी..." अंधारात तिचा आवाज आला, उशीत तोंड खुपसल्यासारखा. "तेव्हाही दिलं होतं रे..."

गोम चालत राहिली.

"मग तू का नाही थांबलीस?"

"ते थांबले नाहीत म्हणून..."

त्या घरात सगळं असंच चाले. डोकं चाललं की पाय चालत.

कमरेवरचे हात आता थरथरत होते. थोरल्याने पाय रोवले, कोपर बाहेर काढून पाठीची शिवण फाडली आणि उजेडात आला. धावत शेपटीकडे गेला. चेन बंद होती, अगदी खालपर्यंत. त्यानेच आणलेल्या मेणाने लोण्यासारखी सरकली असणार, आवाजही न करता. त्याने ओढली तशी ती उघडलीही तितक्याच सहज.

भिंगरी आत उभी होती. गाल लाल, केस कपाळाला चिकटलेले, पण धडधाकट. "संपलं?" तिने विचारलं.

पुढून बाबा बाहेर आले, घामाने निथळत. फाटलेली पाठ बघून त्यांचा तोल गेला. "अरे, दोन पावलं राहिली होती! टोकाला गेल्यावर थांबणारच होतो ना मी!"

फाटलेल्या शिवणीतून आईही बाहेर आली.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं," आई म्हणाली.

"आत्ताचं म्हणतोय मी."

"मी दोन्हीचं विचारतेय."

बाबा गोमेच्या डोक्यावरच मटकन बसले. फोम फुसफुसत चेपला. आयुष्यभर आपलंच घोडं पुढे दामटलेला माणूस, एकाएकी सांडलेल्या कपड्यांसारखा दिसू लागला.

"परीक्षक बघत होते गं..." ते म्हणाले. "दोनच पावलं होती."

थोरल्याला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल. दगड तिथेच राहिला. त्याला फक्त नाव मिळालं.

आई भिंगरीचे केस मागे सारत होती. "घाबरलीस का गं? म्हणून इतकं घट्ट दाबलंस दादाला?"

"मी कुठे दाबलं?" भिंगरी म्हणाली. "माझा हात दादापर्यंत पोचतच नव्हता. मी तर ताईला धरलं होतं."

"कुठल्या ताईला?"

"माझ्यापुढे होती ना, ती." भिंगरीला हा प्रश्नच येडचाप वाटला. "रडत होती ती. आवाज नाही येत तिचा, पण पाठ हलते." मग तिला आठवलं की भूक लागलीय, आणि ती टणाटण उड्या मारत जिना उतरून गेली.

आई गोमेच्या उघड्या शेपटीशी फरशीवर बसली, आत हात घातला, आणि कोपरापर्यंत तसाच ठेवून दिला.

थोरल्याने पलंगाखालची बॅग काढली. त्याला कुणी अडवलं नाही. बाबा मान खाली घालून बसलेले, आईचा हात अंधारात.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्याच्या कमरेला दोन हात लागले.

तो थांबला. मागे बघितलं नाही. या खेळात मागे बघायचं नसतं, नाहीतर रांग तुटते. जिन्यात कुणाच्या तरी घरातून भांड्यांचा आवाज येत होता. पेपरमिंटचा वास होता.

हातांनी एकदा दाबलं.

थोरला उतरू लागला. हळूहळू, एकेक पायरी, लहान पावलं टाकत.

तळमजल्यावर भिंगरी चपला न घालताच बाहेर आली होती, हातात बिस्किट. त्याच्या हातातली बॅग बघून तिने इमारतीचं जड दार दोन्ही हातांनी ओढून उघडलं आणि पाठीने दाबून धरलं. तो बाहेर पडला. दार लागल्याचा आवाज येईना म्हणून त्याने थोडं थांबून वाट बघितली.

भिंगरी अजून दार धरून उभी होती. थोडी बाजूला सरकली, जागा करून दिली, आणि मगच दार सोडलं.