सात घरांची तोराणी

“ते तुम्ही ओतलंत?”

विहिरीपाशी एक अनोळखी माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसला होता आणि माझं काळं मडकं नारळाच्या काथ्यानं खसाखसा घासत होता. माझा आवाज ऐकून त्यानं मान वर केली, कपाळावरचा घाम दंडाला पुसला आणि हसला. शाबासकी मिळणारच अशा खात्रीनं हसला!

“आंबूस वास येत होता. म्हटलं, गडबडीत कुणीतरी विसरलं असेल. केळीच्या बुंध्यात ओतलं. वाया नाही घालवलं.”

“वाया नाही घालवलं?” माझा आवाज चिरकला. “अहो, तोराणी होती ती! दोन वर्षं... दोन वर्षं रोज जपलेली तोराणी!”

त्याचा हात थांबला. हसूही थांबलं. उडियाच माणूस, त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. तोराणी म्हणजे पखाळाचं आंबट पाणी. विरजणाला दही राखावं तशी रोज वाटीभर राखायची. निवलेल्या भातात गार पाणी आणि ही वाटी घातली, की सकाळी पखाळ तयार. गार, आंबूस, उन्हानं तापलेल्या पोटाला निववणारा. ती वाटी नसेल तर सकाळी हाती येतो तो नुसता भिजलेला भात.

“मग... आता?” तो म्हणाला.

“आता केळीला विचारा!”

एका मडक्यासाठी ही बाई एवढी का भडकली, असं कुणाला वाटत असेल तर घरात माणसं किती होती ते ऐका. सव्वीस! भुवनेश्वरहून नना, म्हणजे माझा मोठा भाऊ, त्याची बायको ती माझी भाउज, तिचं निम्मं माहेर, माझ्या दोघी बहिणी, त्यांची पोरंबाळं, आणि वर ननाच्या ओळखीचा हा, क्षीरोद. सगळे रजच्या सणासाठी गावी आलेले. रजचे तीन दिवस धरणीची पाळी. नांगर नाही, कुदळ नाही, पाट्या-वरवंट्याला हात नाही. बायकांनी चूल पेटवायची नाही, भाजी चिरायची नाही, अनवाणी भुईवर पाऊल टाकायचं नाही. पायांना अळता, तोंडात पान आणि दिवसभर झोका.

बायकांनी म्हणजे कुठल्या बायकांनी, ते मात्र विचारायचं नाही. भाउज बसणार, कारण ती सून. बहिणी बसणार, त्या माहेरवाशिणी. पोरी तर काय, पोरीच. आणि माझ्या लेकीच्या, झिलीच्या वडिलांनी राउरकेल्यात दुसरा संसार थाटल्यावर पोर कडेवर घेऊन परत आलेली? ती कुठल्याच रांगेत बसत नाही. गेली दोन वर्षं माझी रज चुलीपुढे गेली. वाईट कुणीच बोललं नाही. फक्त म्हणायचे, “लोपा आहेच की!”

लोपा आहेच. जसं जातं आहेच, विहीर आहेच.

या वर्षी मात्र झिली चार वर्षांची झाली. चार वर्षांची मुलं सगळं बघतात. फेब्रुवारीतच तिनं मला विचारलं होतं, “मा, सगळ्या बायका झोका घेतात. तू बाई नाहीस?” त्या दिवशी मी तिला शब्द दिला. रजच्या पहिल्या दिवशी आपण दोघी झोक्याच्या एका पाटावर.

आणि शाळेत विज्ञान शिकवणारी बाई आहे मी, शब्द नुसता दिला नाही. वहीत बेत मांडला. सव्वीस माणसं, तीन दिवस, चूल बंद. आदल्या संध्याकाळी दोन मोठे हंडे उकड्या तांदळाचा भात, निववून पाण्यात. एक पहिल्या दिवसाचा, दुसरा दुसऱ्या दिवसाचा, त्याचं पाणी मध्ये बदलायचं. उडदाच्या बड्या, म्हणजे सांडगे, आधीच तळून, लसूण-मिरची घालून कुटून डब्यात. आंबोशी भिजत. तांदूळ-गुळाचा पोडपिठा निखाऱ्यांवर रात्रभर भाजून कापून ठेवलेला, मुलांनी येता-जाता उचलावा. कांदा-मिरची ज्यानं त्यानं आपल्या हातानं फोडून घ्यावी. तिसऱ्या दिवशी दही, पोहे, आंबे, केळी. संपलं! एकदाही चुलीकडे बघायचं काम नाही. आणि हा सगळा डोलारा ज्या वाटीभर पाण्यावर उभा, ते पाणी या गृहस्थानं केळीला पाजलं होतं.

“किती वाजेपर्यंत लागेल?” त्यानं विचारलं.

“भात निवेपर्यंत. पाच.”

“आत्ता तीन वाजलेत,” असं म्हणत तो उठला, पँट खाली केली आणि जूनच्या त्या उन्हात फाटकाबाहेर गेला. कुठे चाललात, हे मी रागापोटी विचारलं नाही.

पावणेपाचला परत आला. चेहरा तांबडा, शर्ट पाठीला चिकटलेला, हातात पुठ्ठ्याचं खोकं. खोक्यात झाकणाच्या सात बाटल्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी.

‘तळ्याकाठच्या माउसी. लिंबाचं पान घालतात.’ ‘पोस्टमनचं घर. फार आंबट.’ ‘निळं दार, आजी एकट्याच.’

“हे काय?”

“तोराणी. सात घरांची. एकत्र केली नाही, म्हटलं, कुणाकडची चालेल ते तुम्हीच ठरवाल. घरात लहान मूल आहे तुमच्या.”

मी एक बाटली उजेडाला धरली. “बाटल्या कसल्या?”

“मातीचे नमुने न्यायच्या. मी माती तपासतो ना, गाडीत असतात.”

“मातीच्या बाटल्यांत माझ्या मुलीचं...”

“नव्या! सीलबंद होत्या. त्या तळ्याकाठच्या माउसींसमोर उकळत्या पाण्यानं धुतल्या, विचारा त्यांना.”

आता यावर काय चिडायचं माणसानं? तरी मी चिडलेला चेहरा तसाच ठेवला आणि एकेक झाकण उघडून वास घेऊ लागले. पोस्टमनची बायको भांड्यावर झाकण ठेवत नाही, ती बाद. दुसरी शिळी. निळ्या दाराच्या आजीची मात्र... स्वच्छ, थंड, पावसाआधीच्या वाऱ्यासारखी. 

“वास घेताना तुम्ही डोळे मिटता,” तो हळूच म्हणाला.

“तुम्ही बाटल्यांकडे बघा!”

“बाटल्या मी मघापासून बघतोय.”

माझे कान गरम झाले. चुलीजवळ होते म्हणून, दुसरं काही नाही. “आणि मागताना सांगितलंत काय लोकांना?”

“खरं तेच. लोपामुद्राची तोराणी माझ्या हातून गेली, ती मला भरून द्यायचीय.”

“माझं नाव घेतलंत? सात घरांत?”

“मग... कुणाचं घेऊ?”

मी कपाळावर हात मारला. या माणसाला मातीतलं सगळं कळत असेल, गावातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं!

दुसऱ्या दिवशी रज सुरू झाली. पखाळ असा उतरला होता की नना दोन वाट्या पाणी नुसतंच प्यायला. दुपारी मी ओट्यावर बसले होते, झिली पोटऱ्यांना चिकटलेली, आणि बोउ, माझी आई, माझ्या उजव्या पायाला अळता लावत होती. फणसाला बांधलेला झोका समोर रिकामा होत होता. तेवढ्यात फाटक वाजलं.

तळ्याकाठच्या माउसी. त्यांच्या मागे पोस्टमनची बायको, सासू, दोन नणंदा. निळ्या दाराच्या आजी काठी टेकत. सातही घरं!

“म्हटलं, आमच्या तोराणीचा पखाळ कसा झालाय बघावं,” माउसी म्हणाल्या, आणि डोळे पखाळ शोधत नव्हते. “कुठाय गं तो तुझा तोराणीवाला?”

“माझा कुणी नाही तो!”

“बरं बाई, नाही तर नाही. दिसायला बरा आहे पण.” 

“एवढ्या उन्हात आमचे हे माझ्यासाठी अंगणातून दोरीवरचे कपडे आणणार नाहीत,” पोस्टमनची बायको म्हणाली. सगळ्या खिदळल्या. भाउज तर झोक्यावरून पडायची राहिली.

नाही कसं म्हणणार? पानं मांडली. सव्विसांचे एकेचाळीस झाले. पहिला हंडा संपला, दुसरा उघडला, तोही तळाला गेला. आणि बोउ अळत्याची वाटी खाली ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, “लोपा, उद्याचं काय? भात टाक बाई तेवढा. तूच आहेस.”

मी उठले. सवयीनं उठले, हेच तर संतापजनक! एक पाय लाल, एक पाय कोरा. चुलीच्या दिशेनं चार पावलं गेले, तेव्हा मागून झिलीचा आवाज आला. रडका नव्हता. नुसता खात्री झालेला.

“मला माहितीच होतं.”

मी वळले.

“नाही टाकणार.”

बोउनं वर बघितलं.

“नाही टाकणार मी भात! एवढी मोठी धरणी, ती सुद्धा तीन दिवस पाठ टेकते, तिला कुणी विचारत नाही तू सून की माहेरवाशीण. तिला सांगता का, तू आहेसच, तेवढे दोन वाफे पेरून दे? मग मला का सांगता? नवरा सोडून गेला म्हणून माझं बाईपण गेलं का? महिनाभर वहीत मांडून, सगळं आधी उरकून मी एक दुपार वाचवली होती. एक! तीही त्या...” मी क्षीरोदकडे बोट केलं, “...तोराणीवाल्यानं आधी केळीला घातली आणि मग गावाला वाढली! या घरात नऊ पुरुष जेवून पान चघळताहेत. हात आहेत ना त्यांना? पाळी तर नाही ना?”

शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं. भाउजच्या मामांचं पान घशात अडकलं.

सगळ्यात आधी क्षीरोद उठला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. तीच काल विहिरीवरची पद्धत. “तांदूळ कुठे ठेवलेत?” मग ननाकडे बघून, “चल रे.”

“मी? मला कुठे येतं?” नना म्हणाला.

“मला तरी कुठे येतं? बहीण शास्त्राची बाई आहे तुझी, सांगेल ती.”

बोउ खाली बसली, माझा कोरा पाय मांडीवर ओढला आणि अळता लावू लागली. रेघ वाकडी गेली. तीच रेघ मला तीन दिवस सगळ्यात सुंदर वाटली.

मग मी आणि झिली झोक्यावर बसलो. झोका पुढे गेला की स्वयंपाकघराचं दार थेट समोर यायचं, मागे गेला की फणसाची पानं. मी झिलीला एका हातानं घट्ट धरलं होतं. पडली म्हणजे?

पुढे— “पाणी दोन बोटं वर ठेवा!”

मागे. 

पुढे— “बोटं कुणाची? माझी की ननाची?”

मागे. झिली खदखदून हसत होती.

पुढे— “मिठाचा हात लावू नका, ते सकाळी!”

पुढच्या खेपेला तो दारात येऊन उभा होता. हातात पळी, भुवईला राख. आतून ननाचा खोकला ऐकू येत होता.

“पुढच्या रजला...”

झोका मागे गेला. फणसाची पानं आली. आयुष्यात कधी एवढा सावकाश परतला नव्हता तो झोका.

“...मी पाहुणा म्हणून येणार नाही.”

“मग कशाला याल?” माझा आवाज मुद्दाम कडक होता, पण झोका पुन्हा मागे निघाला होता आणि कडकपणा वाऱ्यावर गेला.

“भात टाकायला.”

“एवढंच?”

आता झोका माझा मीच पायानं थांबवला असता, पण भुई अनवाणी पायांना वर्ज्य. बसताना काढलेल्या चपला कुणीतरी स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन ठेवल्या होत्या. त्यानं पळी ननाच्या हातात दिली, माझ्या चपला उचलल्या, अंगण ओलांडून आला आणि झोक्याखाली जोडीनं मांडल्या. एकेचाळीस माणसांसमोर! 

“चपला कुणी अशा उचलून आणतं का?” मी पुटपुटले.

“चुकलो असेन,” तो म्हणाला. “चुकलं की भरून देतो मी. माहितीय तुम्हाला.” आणि मग माझ्याकडे न बघता, झिलीकडे बघत, “तुम्हा दोघींना विचारायचं होतं. आत्ता नका सांगू. सावकाश.”

“भात करपतोय!” आतून नना ओरडला.

तो भात खरंच करपला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तो निमूट खाल्ला. निळ्या दाराच्या आजी म्हणाल्या, पखाळाला असा धुराचा वास त्यांच्या सासऱ्यांच्या हातचा असायचा.

चौथ्या दिवशी पाटा-वरवंट्याला आंघोळ घालतात. मी पाट्यावर पाणी ओतत होते, तेव्हा गाड्या भरल्या जात होत्या. क्षीरोद एक रिकामी बाटली घेऊन समोर उभा राहिला.

“थोडी मिळेल? तुमच्याकडची.”

“भुवनेश्वरला नेऊन काय करणार? चार दिवसांत मरेल. रोज भात लागतो तिला, रोज ताजं पाणी. विसरून चालत नाही. कंटाळूनही चालत नाही.” मला एकदम भीती वाटली. खूप जुनी, ओळखीची भीती. “लोक आधी हौसेनं नेतात, आणि मग...”

“नमुना मी आजवर हरवलेला नाही,” तो म्हणाला. “ओतलंय एकदाच. तेव्हा माहीत नव्हतं कुणाचं आहे.”

झिली मध्येच घुसली. “रोज भात केलास तर जास्त होईल. तू एकटाच खाणार?”

“तेच तर,” तो तिला अगदी गंभीरपणे म्हणाला. “एकट्याला जास्त होतो.”

मी बाटली भरली. झाकण लावलं, दोनदा तपासलं. त्यानं चिठ्ठी आणि पेन पुढे केलं. “घराचं नाव लिहायचं असतं.”

ननानं हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. वाजवू दे! मी पेनाचं टोपण दातात धरून तिथेच पाट्याशेजारी बसले, आणि लिहिलेलं त्यानं वाचू नये म्हणून चिठ्ठी चिकटवून बाटली उलटी त्याच्या हातात दिली.

गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. बराच वेळ थांबली. मग क्षीरोद खाली उतरला, बाटली छातीशी धरून उन्हात तसाच उभा राहिला आणि माझ्याकडे बघून हसला. पहिल्या दिवशी हसला होता ना, अगदी तसाच. या वेळी मला राग आला नाही.

चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, ‘लोपा आणि झिली. ओतू नये.’