हापानिएमीची चौकट

रेइयोला लिहायला-वाचायला मीच शिकवलं होतं. म्हणून हापानिएमीच्या घराचा इतिहास शोधायची वेळ आली तेव्हा त्यानं मलाच बोलावलं. तळ्याकाठचं ते लाकडी घर त्यानं विकत घेतलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. आता उन्हाळ्यात तिथं पाहुणे ठेवायचे होते आणि दाराशी एक पाटी लावायची होती.

"बाई, फार खोलात जाऊ नका," तो म्हणाला. "मालकांची नावं लिहा, आणि शेवटी एक गोड वाक्य. 'या घरात मुलांना मायाच मिळाली.' झालं."

"शोधायच्या आधीच उत्तर? गणितातही तू हेच करायचास."

तो हसला. त्याची बायको सिर्पाही हसली. त्यांना मूलबाळ नव्हतं.

चर्चच्या दप्तरात मालकांची नावं सहज मिळाली. आधी सिप्पोला, मग क्वार्नस्ट्रॉम, मग हुर्मे. बाकीचं घरालाच विचारायचं होतं. स्वयंपाकघराच्या चौकटीला प्रत्येक घराण्यानं आपापला रंग दिला होता. मी पातळ पातं घेऊन, प्रत्येक रंगाची अरुंद उभी पट्टी शिल्लक ठेवत, एकेक थर खरवडायला बसले. घाई केली की खालचा रंग दुखावतो.

सगळे थर उघडे झाल्यावर मी खालून वर पाहत गेले. सगळ्यांत खाली सिप्पोलांचा तांबडा रंग होता, आणि त्यावर मुलांच्या उंचीच्या खुणा. आम्ही मुलाला दर वर्षी चौकटीला टेकवून उभं करतो, डोक्यावर पुस्तक आडवं धरतो आणि चाकूनं रेघ मारून शेजारी त्याच्या नावाचं अक्षर कोरतो. एकेका अक्षराच्या रेघा वर चढत गेल्या होत्या. या मुलांच्या चोरून उचललेल्या टाचा, ताठ केलेल्या माना मला दिसत होत्या. मजा वाटत होती.

मग दाराच्या बाजूला, माझ्या कमरेच्या उंचीवर, एक रेघ दिसली. तिच्याशेजारी अक्षर नव्हतं. तिच्या वर दुसरी रेघही नव्हती.

ही कुणाची, ते मला लगेच कळलं. त्या काळी आमच्या गावांत अनाथ मुलांचा लिलाव होई, आणि तोही उलटा. गावाकडून सर्वांत कमी पैसे घेऊन सांभाळायला जो तयार होईल, त्याच्या घरी मूल जाई. मोठ्या घरांत असं एखादं असायचंच. ते दाराशी उभं राहून जेवायचं, सगळ्यांचं झाल्यावर.

मी पातं बाजूला आपटलं. रागानं. मी आयुष्यभर शाळेत मुलांची उंची मोजली. एकदा मोजलेलं मूल दुसऱ्या वर्षी कुणी मोजलंच नाही, असं माझ्या वर्गात कधी झालं नाही.

क्वार्नस्ट्रॉमांच्या निळ्या थरावर त्यांच्या मुलांच्या रेघा होत्या. दाराच्या बाजूला, त्याच उंचीवर, तीच एकटी रेघ होती.

जुनी खाच वरच्या रंगातून उमटली असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण उमटलेली खाच बोथट असते, तिच्यात रंग भरतो. ही कापलेली होती. मी बोट फिरवलं. कडा टोचली.

हुर्मेंच्या करड्या थरावरही ती होती.

मग मी भिंग घेऊन रेइयोनं या वसंतात दिलेला पांढरा रंग पाहिला. तिथंही होती.

"रेइयो, इथं रेघ कुणी मारली?"

"कुठं? ती होय. खुर्ची लागली असेल."

"चाकूची आहे. आणि तुझ्याकडे मूल नाही."

"मग कशाला विचारता?" तो एकदम तुसडेपणानं म्हणाला. "चला, सूप निवतंय."

टेबलाशी लांबलचक बाक होता. दोघंही खिडकीकडच्या टोकाला दाटीवाटीनं बसले. दाराकडचा अर्धा बाक मोकळाच होता.

"तिकडे का नाही बसत?"

"वारा येतो," सिर्पा म्हणाली आणि ताटलीत पाहू लागली. दार बंद होतं.

"पाटीवर आणखी एक ओळ हवी," मी म्हणाले. "लिलावात घेतलेलं एक मूल इथं राहिलं. नाव कुणी लक्षात ठेवलं नाही."

"पाहुणे सुट्टीला येणार आहेत, बाई. सुतकाला नाही."

"मग ते मायेचं वाक्यही येणार नाही. तुझ्या खोट्यावर माझं नाव नको."

"असं कुठलंही मूल इथं नव्हतं!" त्यानं टेबलावर मूठ आपटली. "चार रेघांवरून गोष्ट रचताय तुम्ही. मी राहतो या घरात. मला माहीत नसतं?"

सिर्पा चमचा धरून तशीच बसली होती. तिचे डोळे भरले होते.

मी उठून दाराकडे वळले. पहिल्या दिवशी उंबऱ्यावर अडलेल्या मुलांशी ज्या आवाजात बोलायचे, तोच आवाज आपोआप आला.

"ये बाळ. बस इथं. जागा आहे."

काही झालं नाही.

मग बाकाची फळी, त्या मोकळ्या टोकाला, हलकीशी कुरकुरली. अगदी थोडं वजन पडावं तशी.

सिर्पानं तोंडावर हात ठेवला.

रेइयोनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो माझ्याशीच भांडत होता. "पुरावा दाखवा, बाई, पुरावा," असं म्हणता म्हणता त्यानं सवयीच्या हातानं काळ्या पावाची टोपली त्या टोकापासून उचलली आणि आपल्याजवळ ओढून घेतली.