डावऱ्या हाताचा जोड

जनावरांच्या डॉक्टरीणबाई पिकअप घेऊन आल्या तेव्हा मिस्त्री नुकता शटर वर करून पहिला चहा पीत होता. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा हा माणूस. सगळी हत्यारं डाव्या हातात धरायचा म्हणून लोक त्याला डावरे मिस्त्री म्हणत. हे नाव इतकं रुळलं होतं की एकदा पतपेढीचं पत्रही 'श्री. डावरे' म्हणून आलं आणि त्याने निमूटपणे सही करून ते घेतलं.

"हिची दोन दुखणी आहेत," बाई एखाद्या म्हशीबद्दल बोलावं तशा म्हणाल्या. पहिलं म्हणजे चारही चाकांची ओढ हवी असली की ती मिळेलच असं नाही. कधी लागते, कधी नुसताच दिवा लुकलुकत राहतो. दुसरं दुखणं सांगताना त्या जरा अडखळल्या. वरच्या कुरणांकडे जाणाऱ्या घाटात एक वळण आहे. तिथे गाडी थांबवली की कुणी हात न लावता ती आपणहून लो गिअरमध्ये जाते. दर वेळी नाही, पण जाते ती तिथेच.

गिअरच्या मागे एक गोल खटका होता. डावीकडे फिरवला की साधी चाल, म्हणजे मागची दोन चाकंच गाडी ढकलणार. मधे चारही चाकं. उजवीकडे चारही चाकं लो गिअरमध्ये, चिखलातून निघायला किंवा मोठं ओझं घेऊन उभा चढ-उतार करायला. जुन्या गाड्यांना यासाठी लोखंडी दांडा असे, तो ओढला की आत काहीतरी बसल्याचं हाताला कळे. इथे खटका वायरीतून निरोप धाडणार, गाडीच्या पोटाखालची छोटी मोटर गिअर सरकवणार, आणि समोरचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की समजायचं, काम झालं.

मिस्त्रीने सवयीप्रमाणे सोप्याकडून सुरुवात केली. बॅटरी बघितली, ठणठणीत. फ्यूज शाबूत. खटका उघडून मीटर लावला, तिन्ही जागांवर आकडे जसे हवेत तसे. गाडीखाली पाठीवर सरकून त्याने मोटरला थेट बॅटरीची वायर दिली, तर मोटर कुरकुर न करता फिरली. म्हणजे निरोप देणारा चांगला, घेणारा चांगला, आणि निरोप मात्र वाटेत हरवतोय. पाणी मुरतंय ते मधल्या वायरीत. त्याने डाव्या दाराखालची पट्टी उचकटली आणि वायरींचा जुडगा इंचाइंचाने सोलायला घेतला.

दुपारच्या सुमारास जोड सापडला. काळ्या टेपखाली दोन वायरी नुसत्याच पिळून जोडलेल्या, सोल्डरचा डाख न देता. तांबं हिरवं पडून भुगा होत आलेलं. टेपवर दोऱ्याचे पाच वेढे आणि गाठ. मिस्त्री बराच वेळ त्या गाठीकडे बघत राहिला. पीळ उलटा होता. उजव्या हाताचा माणूस वायर पिळतो ती एका बाजूला, डावरा पिळतो ती दुसऱ्या बाजूला. आणि टेपवर पाच वेढ्यांचा दोरा बांधायची खोड आख्ख्या बाजारपेठेत एकाच माणसाला होती.

मग त्याने दाराच्या कडेचा पांढरा रंग नखाने खरवडला. खालून पिवळा निघाला.

आठ वर्षांपूर्वी हीच गाडी पिवळी होती, रस्त्याच्या ठेकेदाराकडे. ती चालवायचा शिट्टी. सदान्‌कदा शिट्टी वाजवत फिरायचा म्हणून ते नाव. पावसाचे दिवस, दुपारीच अंधारून आलेलं, वीज गेलेली, डाख द्यायचा कय्या थंडगार. शिट्टी घाईत होता. मिस्त्रीने वायरी पिळल्या, टेप मारला आणि म्हणाला, चालून जाईल, पुढच्या आठवड्यात ये, पक्कं करून देतो. वेळ मारून नेली, झालं.

त्यानंतर तिसऱ्याच दिवशी वरच्या वस्तीखालचा डोंगर भेगाळला. वस्तीतल्या माणसांना खाली शाळेत आणायला शिट्टीला धाडलं. तो रिकामी गाडी घेऊन परत आला. म्हणाला, शेवटच्या वळणावर चाकं फिरत राहिली, फोर व्हील लागलंच नाही. दुसरी गाडी वर पोचायच्या आत दरड येऊन ती माणसं गाडली गेली होती. लोकांनी शिट्टीला घाबरट ठरवलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याच्या तोंडावर म्हणाले. ठेकेदाराने गाडी विकली, शिट्टी गाव सोडून गेला. त्या दिवसांत मिस्त्रीही चहाच्या टपरीवर हे सगळं ऐकत बसे आणि मान हलवत असे. त्या घाईच्या कामाची त्याला आठवणसुद्धा झाली नव्हती.

आता, आठ वर्षांनी, त्याने सडकी वायर वीतभर कापून टाकली, नवी घातली, डाख दिला, वर गरम करून आवळणारी नळी चढवली. खटका वीस वेळा फिरवून बघितला. वीसही वेळा दिवा स्थिर झाला. डॉक्टरीणबाईंना त्याने एवढंच सांगितलं की आधी कुणीतरी कच्चं काम केलं होतं.

रात्री बायकोला मात्र खरं सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला काय स्वप्न पडलं होतं का डोंगर पडायचं? पण मग म्हणाली, त्या माणसाला, शिट्टीला, तरी कळायला हवं.

शिट्टीचा नंबर शोधण्यात दोन दिवस गेले. तो कुठेतरी लांब बहिणीकडे राहत होता. गाडी चालवणं त्याने कधीच सोडलं होतं. मिस्त्रीने फोनवर आडपडदा न ठेवता जोडाची सगळी हकिगत सांगितली.

"मी चारदा खटका फिरवला," शिट्टी म्हणाला. "गाडीच्या लाइटच्या उजेडात ती माणसं दिसत होती. पिशव्या घेऊन उभी. मी मोजली पण होती. नऊ. मला वाटलं, मागे जाऊन दुसरी गाडी आणू..."

मिस्त्रीने माफी मागायला तोंड उघडलं. शिट्टी म्हणाला, "आता कशाला," आणि त्याने फोन ठेवला.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई पुन्हा दारात. पहिलं दुखणं साफ बरं झालं होतं. "आता ती माझं ऐकते, मिस्त्री. पण त्या वळणावर कुणाचं ऐकते ते बघा."

दुसरा एखादा मिस्त्री असता तर त्याने गाडीचा कॉम्प्युटर बदलायला सांगितला असता. पण याने मीटर उचलला, त्याच्या दोन वायरी खटक्याच्या मागे अडकवल्या आणि बाईंना म्हणाला, चला, दाखवा.

घाटात धुकं उतरलं होतं. दुपारचे चार वाजले असतील, पण झाडं पुसल्यासारखी दिसत होती. बाई वाटेत एका आजारी वासराबद्दल बोलत होत्या. वळण जवळ आलं तशी त्यांनी गाडी हळू केली. डावीकडे आठ वर्षांपूर्वीच्या त्या दरडीने खरवडलेला डोंगर, उजवीकडे रस्ता जरा रुंद होता. त्यांनी गाडी वळवून तोंड उताराकडे केलं, थांबवली, गिअर काढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

काही झालं नाही. इंजिन संथ चालू होतं. काचेवर धुक्याचं पाणी जमत होतं. मग ओल्या मातीचा वास आला, नुकत्याच फुटलेल्या ढेकळासारखा, काचा बंद असूनही. पोटाखाली मोटर घरघरली. दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला.

मिस्त्रीने मीटर बघितला. खटका साध्या चालीवर होता, आकडाही साध्या चालीचाच. निरोप कुणी धाडलाच नव्हता.

आणि गाडी मागून थोडीशी बसली.

"हे... हे आधी कधी झालं नव्हतं," बाई हळूच म्हणाल्या.

पुन्हा बसली. मग पुन्हा. प्रत्येक वेळी मागच्या स्प्रिंगचे पाटे किंचित करकरत. मिस्त्री दार उघडून खाली उतरला. मागचा हौदा रिकामा होता, नुसता ओला. त्याने चाक आणि वरची कमान यांच्यामधे हात घातला. रिकाम्या गाडीला तिथे सगळा पंजा मावतो. आता दोनच बोटं शिरली. टायर खाली फुगले होते, भरलेल्या गाडीचे फुगतात तसे. बोटं आत असतानाच पाटा आणखी एकदा करकरला, आणि त्याने हात झटकन बाहेर ओढला.

वायरीचं दुखणं हे नव्हतंच. मागे ओझं होतं, उतार उभा होता, आणि अशा वेळी जे करायचं तेच गाडीने केलं होतं.

तो बाईंच्या दारापाशी आला. "तुम्ही पलीकडे सरका," तो म्हणाला. "मी चालवतो."

"मिस्त्री, मागे काय आहे...?"

"बघू नका. शाळेपर्यंत जायचं आहे फक्त."

त्याने आरसा वर वळवून टाकला. लो गिअरमधे, ब्रेकला फारसा पाय न लावता, माणसं भरलेली गाडी उतरवावी तशी त्याने ती उतरवली. खड्डा आला की हळू. वळण आलं की त्याहून हळू. स्टिअरिंग जड लागत होतं. बाई डाव्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या. मागून आवाज असा काही आला नाही. फक्त एकदा, दगडावरून चाक गेलं तेव्हा, केबिनच्या मागच्या पत्र्याला कुणीतरी तोल सावरायला हात टेकावा तसा एक थाप पडल्याचा आवाज झाला.

शाळेच्या फाटकासमोर त्याने गाडी उभी केली. शाळा सुटून गेली होती, पटांगण मोकळं होतं. त्याने गिअर काढला आणि वाट बघत बसला.

गाडी मागून उचलली गेली. जराशी. मग पुन्हा जराशी. तो ओठांतल्या ओठांत मोजत होता. मधे एकदा बराच वेळ गेला, कुणा म्हाताऱ्या माणसाला उतरायला लागावा तितका. आठ. नऊ. पोटाखाली मोटर घरघरली, आणि हिरवा दिवा आपणहून विझला.

मिस्त्री खाली उतरला. चाकावर पुन्हा सगळा पंजा मावत होता. तो तिथेच टायरला टेकून बसला आणि थोडा वेळ रडला. डॉक्टरीणबाई खाली उतरल्या. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

दवाखान्यापाशी बाई उतरल्या. मागचे पाटे तपासून उद्या सकाळी गाडी आणून देतो, असं त्याने सांगितलं आणि तो एकटाच निघाला. दिवेलागणीची वेळ होती. अंगातला एक जुना काटा निघाल्यासारखं त्याला वाटत होतं. भूकही लागली होती.

बाजाराच्या अलीकडे एक बारीक आवाज सुरू झाला. टिंग, टिंग, टिंग. समोर लाल दिवा लागला होता. डाव्या सीटवर माणूस बसला आहे आणि त्याने पट्टा लावलेला नाही, असं सांगणारा दिवा.

सीट रिकामी होती. बाईंची पिशवी वगैरेही राहिली नव्हती. सीटखाली वजन ओळखणारी पट्टी असते, ओल लागून ती बिघडली असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. गाडी कडेला घेऊन त्याने सीटवर हात फिरवला. कोरडी होती. आवाज थांबेना. अशा वेळी सगळेच करतात ते त्याने केलं. वाकून पट्टा धरला आणि बकलात अडकवायला ओढला.

रिकाम्या सीटवरून पट्टा न्यायला हातभर लांबी पुरते. मिस्त्री ओढत राहिला. शिट्टीने मोजली होती ती फक्त उजेडात दिसलेली. कुणाच्या तरी पोटावरून वळसा घ्यावा तसा दोन हातांहून जास्त पट्टा बाहेर आला, तेव्हा कुठे बकल बसलं.

आवाज थांबला.